जप्तीतला शूरवीर

मुलींच्या त्या वसतिगृहात बाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. कमरेला लावलेला किल्ल्यांचा जुडगा चालताना वाजे, म्हणून मुलींनी त्यांचं नाव 'खणखण' ठेवलं होतं. ज्यांनी ठेवलं त्या मुली कधीच शिकून, संसाराला लागून, स्वतःच्या मुलींना धाक घालण्याच्या वयाला पोचल्या होत्या. नाव मात्र दर वर्षी नव्या तुकडीला वारसाहक्कानं मिळत गेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ज्याला टोपणनाव नाही त्याला दरारा नाही, असं त्यांचं मत होतं.

बाईंचे नियम थोडे होते, पण दगडावरची रेघ. त्यांतला सर्वांत कडक नियम संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाचा. त्या तासात अभ्यासाखेरीज जे काही सापडेल ते जप्त, आणि रविवारी सकाळी परत. जप्तीचा माल बाईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जाई. त्या कपाटाच्या खालच्या खणात आजवर काय काय येऊन गेलं होतं! पत्त्यांचे कॅट, शिट्ट्या, ओठांच्या लाल कांड्या, नाटकातली एक खोटी मिशी आणि एकदा तर बुटाच्या खोक्यात घातलेलं जिवंत कासव. कासवाला बाईंनी रविवारपर्यंत रोज पालेभाजी घातली होती, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दरारा हा दुधासारखा असतो, जरा लक्ष हटलं की उतू जातो.

काडी त्या वर्षी शेवटच्या इयत्तेत होती. दाराच्या फटीतून आत यायची इतकी बारीक, म्हणून काडी. तिची मैत्रीण भोंगा. हिचा आवाज एवढा मोठा, की ती कुजबुजली तरी तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात कळे. अभ्यासाच्या तासाला काडी काहीतरी भलतं करायची आणि भोंगा दाराशी बसून पहारा द्यायची. बाईंच्या किल्ल्या वाजल्या की ती खोकायची. पण त्या सोमवारी भोंग्याचा घसा खरोखरच बसला होता. ती खोकली, पण हवाच बाहेर आली, आणि बाई काडीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय आहे ते?"

"काही नाही, बाई."

"काही नाही ना? मग दे इकडे."

काडीनं भूगोलाच्या पुस्तकाखालून एक करडी डबी काढून दिली. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. वरच्या बाजूला शेवाळी रंगाचा छोटासा पडदा, डावीकडे अधिकच्या खुणेसारखं एक बटण, उजवीकडे दोन गोल बटणं.

"व्हिडिओ गेम आहे, बाई. मामाच्या लहानपणचा. आता असले मिळत नाहीत," काडी म्हणाली. "बाई, तेवढा बंद करून ठेवा हं. सेल उतरतात. आणि त्यात माझा खेळ साठवलाय. एकाचाच साठवायची जागा असते. कुणी नवीन खेळ सुरू केला, तर माझा पुसला जाईल. वर्षभराची मेहनत आहे."

"एवढी मेहनत भूगोलात केली असतीस तर?" बाई म्हणाल्या. "आणि कुणी म्हणजे कोण? मी बसून हे खेळणार, असं वाटतं तुला?"

सगळ्या मुली हसल्या. बाईसुद्धा ओठांच्या कोपऱ्यात हसल्या, इतका तो विचार अशक्य होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कपाट उघडून खालचा खण लावत होत्या. दुपार ही त्यांची अवघड वेळ. मुली शाळेत गेल्या की एवढी मोठी इमारत रिकाम्या डब्यासारखी होई. न्हाणीघरातला गळका नळ दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. खिडकीतून दिसायचे ते दोरीवर वाळत घातलेले गणवेश. एवढ्या सगळ्या मुली, पण एकीच्याही आत कुणी नाही. बाईंनी डबी उचलली आणि पाहतात तो तिच्या कडेला लाल दिवा लुकलुकतोय. म्हणजे ती चालूच राहिली होती.

बंद करायचं म्हणून बाईंनी समोर दिसलेलं एक बटण दाबलं. पडदा हलला. झाडाखाली एक अंगठ्याएवढा पोरगा उभा होता, डोक्यावर टोपडं, हातात लाकडी तलवार. बाईंनी दुसरं बटण दाबलं. त्यानं तलवार फिरवली. बाईंनी अधिकची खूण दाबली. तो चालायला लागला आणि सरळ जाऊन एका डुगडुगणाऱ्या चिखलाच्या गोळ्यावर आदळला. आदळला, परत आदळला, आणि गिरकी घेऊन आडवा झाला. डबीतून रडवेली धून वाजली.

"मेला!" बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि दारावर कडी आहे ना ते त्यांनी पाहिलं.

आता नीट विचार करा. इतक्या वर्षांत बाईंच्या ताब्यातलं एकही माणूस दगावलं नव्हतं. ताप आले, गोवर आला, एकीनं पैजेवर दौतभर शाई प्यायली. पण सगळ्या जशा आल्या तशा, उलट किलोभर वाढून, घरी गेल्या. आणि हा पोरगा एका मिनिटात हातचा गेला! रविवारी त्याच्या मालकिणीला काय तोंड दाखवायचं? पडद्यावर बारीक अक्षरं आली : पुढे चालू ठेवायचं का? बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि 'हो' वर बटण दाबलं. पोरगा टुणकन उभा राहिला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तिथेच डबी बंद केली असती, तर ही गोष्टच झाली नसती. पण बाईंना वाटलं, निदान त्या चिखलाच्या गोळ्यापासून तरी याला लांब नेऊन ठेवावं. लांब नेलं तर पुढे पूल. पुलापलीकडे गाव. गावातले लोक सांगू लागले, की एका चेटक्यानं सगळा वारा पकडून पाच मनोऱ्यांत कोंडलाय. पवनचक्क्या थांबल्या, होड्या अडकल्या, पीठ दळलं जात नाही. 'आज वारा नाही हं,' एक म्हातारा म्हणाला. बाईंनी त्याला पुन्हा विचारलं. 'आज वारा नाही हं.' दहा वेळा विचारलं तरी तेच. बाईंना गंमत वाटली. त्यांच्या मुली एकाच उशिराची रोज नवी सबब सांगत, आणि इथे एक माणूस होता, जो आपल्या शब्दाला जागत होता.

शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा बाईंचा चहा गार होऊन त्याच्यावर साय आली होती.

बुधवारी त्यांनी पोराचं नाव टिल्लू ठेवलं. गुरुवारी त्याला दोर मिळवून दिला. त्या खेळाची गोडी कशात होती, हे बाईंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. पण गोडी होती ती अशी. टिल्लूला वाटेत एक मोठा दगड आडवा आला होता. काही केल्या हलेना. मग तीन डोंगर पलीकडे, एका गुहेत, त्याला हातोडा सापडला. तेव्हा बाईंना एकदम आठवलं, अरे, तो दगड! आणि हातोडा घेऊन त्या, म्हणजे टिल्लू, एवढी वाट मागे तुडवत गेले. 'थांब, आता तुझी पाळी,' बाई दगडाला म्हणाल्या. एक घाव, दगड फुटला, मागे पेटी, पेटीत किल्ली, आणि आनंदाची धून. वसतिगृहात असं कधी होत नसे. तिथला गळका नळ प्लंबर येऊन गेल्यावर जास्त गळायचा. एकीचं रडं थांबवावं तर दुसरीचं सुरू. तिथलं कुठलंच काम कधी 'झालं' असं म्हणून वाजायचं नाही. इथे प्रत्येक कुलपाला कुठेतरी एक किल्ली होती, ती शोधली की मिळायची, आणि सगळं जग दोन तळहातांत मावायचं.

दोन गोष्टींत मात्र बाईंनी खेळापुढे मान तुकवली नाही. पहिली, खेळ कुठेही थांबवला तरी साठवता येत असे. अगदी रानात, चिखलाच्या गोळ्यांच्या घोळक्यातसुद्धा. पण पोराला रात्रभर बाहेर ठेवायचं? बाई डबी बंद करण्याआधी टिल्लूला चालवत, पूल ओलांडून, त्याच्या खोपटात आणत, दार लावून घेत, खाटेशेजारी उभा करत, आणि मगच साठवत. दुसरी गोष्ट माठांची. त्या गावात प्रत्येकाच्या घरी माठ रचलेले असत, ते तलवारीनं फोडले की आत औषधी पाला मिळे आणि टिल्लूचा जीव वाढे. घरमालक तिथेच उभा, काही बोलत नसे. बाईंनी एक माठ चुकून फोडला तेव्हा त्यांना इतकं कानकोंडं झालं, की त्या लगेच टिल्लूला घेऊन बाहेर पडल्या. बोलत नाही म्हणून काय झालं? लोकांच्या घरातली भांडी ती!

रविवारी काडीला डबी परत मिळाली. तिनं ती तिथेच चालू करून पाहिली, आणि तिच्या भुवया अशा काही वर गेल्या की केसांत दिसेनाशा झाल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "बिघडलं की काय?"

"नाही, बाई," काडी सावकाश म्हणाली. "चांगलंच आहे. फारच चांगलं आहे."

सोमवारी अभ्यासाच्या तासाला ती पुन्हा सापडली. भोंग्याचा घसा बरा झाला होता, तरी ती खोकली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी तर काडीनं डबी भूगोलाच्या पुस्तकाखाली नव्हे, वर ठेवली होती, आणि आवाज एवढा मोठा केला होता की बाई जिन्यात असतानाच त्यांना टिल्लूची धून ऐकू आली. बाईंना ते खटकायला हवं होतं. पण ज्याला गोड लागतं त्याला मुंगी दिसत नाही. "सुधारणार नाहीस तू," असं म्हणत त्यांनी डबी अशी उचलली, जशी थंडीत कुणी गरम चहाची कपबशी उचलतं.

मध्येच सेल संपले. आता सेल आणायला दुकानात जाणार कोण? दुकानदार विचारणार, बाई, कशाला हवेत? बाईंनी जेवणघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि त्यातले काढून घेतले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी हातात उलथनं घेऊन वर आल्या. मावशी वसतिगृहात बाईंच्या आधीपासून होत्या, त्यामुळे बाईंना घाबरायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाई, घड्याळ मेलंय. जेवणाची घंटा कशावर देऊ? उन्हावर?"

"सेल संपले असतील," बाई म्हणाल्या.

"संपले नाहीत, पळालेत. जागा रिकामी आहे." मावशींनी खोलीभर नजर फिरवली. नेमकी त्याच वेळी उशीखालून टिंग करून आवाज आला. "हे काय वाजलं?"

"कुठे काय? कान वाजतायत तुमचे."

"असेल, असेल," मावशी म्हणाल्या. "वय झालं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, तसं आता मी कान मिटून स्वयंपाक करते." आणि जिन्यावरून उतरताना त्या ती टिंगटिंग धून गुणगुणत गेल्या. एक सूर चुकला नाही.

असे चार मनोरे झाले. चार कोपऱ्यांतला वारा सुटला. राहिला एक, पाचवा, चेटक्याचा स्वतःचा. तिथे बाईंचा टिल्लू जो जाई तो मरून येई. जीव पुरत नव्हता. आणि इकडे वार्षिक परीक्षा सुरू झाल्या होत्या. परीक्षा संपल्या की काडी घरी जाणार, शाळा संपली म्हणून कायमची जाणार, आणि डबी तिच्याबरोबर. बाईंच्या हातात एक जप्ती उरली होती, फार तर.

त्या सोमवारी बाई अभ्यासाच्या तासाला वेळेआधीच निघाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला. का धरला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. घाई झाली होती, एवढं खरं. काडीच्या खोलीबाहेर आल्या तर आतून भोंगा कुजबुजत होती, म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू येत होती.

"खणखण पाचव्यात अडकलीय म्हण की!"

"जीव कमी पडतोय तिचा," काडीचा आवाज. "माठ फोडतच नाही ना. इतके आठवडे झाले, तिच्या हातून एकच माठ फुटलाय."

"पण तुला पहिल्या रविवारी कसं गं कळलं की बाईच आहेत?"

"अगं, दुसरं कोण? खेळातला पोरगा घरात होता. दार लावून, खाटेशेजारी, सरळ उभा! अख्ख्या जगात असं कोण साठवतं? फक्त हजेरी घ्यायची राहिली होती."

खोलीत हशा पिकला. बाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कानशिलं तापली होती. म्हणजे इतके सोमवार यांनी आपल्याला खेळवलं! मुद्दाम सापडायचं, अवघड मनोरा बाईंकडून काढून घ्यायचा, रविवारी आयतं पुढे जायचं. कुंपणच शेत खातंय हे शेताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि शेत आणखी वर खत घालत होतं. बाई पावलं न वाजवता खोलीत परत आल्या आणि त्यांनी कानाला खडा लावला. आता ती डबी समोर आणून नाचवली तरी पाहायचं नाही. पाचवा मनोरा गेला खड्ड्यात. जप्त करणं म्हणजे मुलींपुढे कबूल करणं, की हो, मला हवाय. आयुष्यभराचा दरारा एका टिल्लूपायी घालवायचा?

ठरवणं सोपं होतं. मंगळवारी काडी जिन्यात बसून खेळत होती. बाई छताकडे बघत वर गेल्या. बुधवारी तिनं बाईंच्या दारासमोर सतरंजी टाकली. बाईंना त्याच वेळी खिडकीबाहेरचा एक कावळा फार मोलाचा वाटला. मुली चक्रावल्या. काडीलाही पाचवा मनोरा सुटत नव्हता; ती घाई करायची, मधेच उडी मारायची आणि पडायची. तिला बाई हव्या होत्या. बाईंना टिल्लू हवा होता. आणि मधे नियम उभा होता, कुणाला न सोडणारा.

पण नियमाचं एक असतं. एकीला सोडलं की ते सगळ्यांना कळतं. गुरुवारी अभ्यासाच्या तासाला एकीच्या हातात पत्ते दिसले. दुसरी चक्क नखं रंगवत होती. बाई काय बोलणार? काडीला सोडलं आणि हिला पकडलं, असं कसं चालेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मावशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, तुमचा चष्मा बदलायला झालाय का? की मुलीच दिसेनाशा झाल्यात?" बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवार. शेवटचा पेपर राहिला होता चित्रकलेचा, त्यामुळे अभ्यास असा कुणालाच नव्हता. पण अभ्यासाचा तास म्हणजे अभ्यासाचा तास, म्हणून सगळ्या मोठ्या खोलीत बसल्या होत्या. काडी मधोमध, डबी उघड हातात. बाई खणखणत आल्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाल्या, नजर छतावर. काडीच्या जवळ आल्या आणि तेवढ्यात वसतिगृहातली सगळ्यात धाकटी, त्याच वर्षी आलेली, अजून झग्याला रुमाल टाचणारी, बोट दाखवून म्हणाली,

"बाई, तिच्याकडे खेळणं आहे. तुम्हाला दिसत नाही?"

बाई थांबल्या. छोटीचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते. त्यात चहाडी नव्हती. तिला खरंच काळजी वाटत होती, की बाईंना दिसेनासं झालंय. आणि बाकीच्या सगळ्या वाट बघत होत्या. नाही म्हटलं तर नियम मेला. हो म्हटलं तर बाई गेल्या. बाईंनी छत पाहिलं, छोटीला पाहिलं, शेवटी काडीला पाहिलं.

"जप्त," त्या म्हणाल्या.

काडीनं चटकन डबी पुढे केली. इतकी चटकन, की मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"ती नुसती नाही," बाई म्हणाल्या. "तूसुद्धा. ऊठ."

"अं?"

"तूसुद्धा जप्त. चल माझ्या खोलीत."

"बाई, माणूस कसं जप्त करतात?" भोंगा ओरडली.

"नियम काय आहे? अभ्यासाखेरीज जे काही सापडेल ते. ही अभ्यासाखेरीज सापडली की नाही? मग!" बाई वळल्या. "आणि पत्ते, नखांचा रंग, सगळं टेबलावर ठेवा. येते मी परत."

टेबलावर वस्तू पडल्याचे पटापट आवाज आले. बाईंना हायसं वाटलं, पण काडी मागे चालत होती आणि पुढे खोली होती.

खोलीचं दार लावल्यावर दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. डबी मधे. न्हाणीघरातला नळ तेवढा बोलत होता.

"चालू कर," बाई शेवटी म्हणाल्या. "बंद आहे की नाही ते तपासायचंय."

"बाई, बंद आहे की नाही ते चालू करून कसं—"

"वाद घालू नकोस."

काडीनं चालू केली. टिल्लू खोपटात होता, खाटेशेजारी, सरळ उभा. काडीनं कालच त्याला तिथे आणून ठेवलं होतं. दोघींनी पडद्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

"घरात आहे," काडी म्हणाली.

"मग? कुठे असायला हवा?"

"बरोबर आहे, बाई."

पाचव्या मनोऱ्यापर्यंत काडीनं नेलं. तिची बोटं अशी पळत, की बाईंना आपण इतके दिवस बैलगाडी हाकत होतो असं वाटलं. पण मनोऱ्यात शिरल्यावर ती भरकटली.

"अगं हळू! हळू! आधी बघ तो कुठून येतो ते. तो डावीकडून दोनदा आग टाकतो, मग दमतो. माणूस दमला की त्याच्याशी बोलायचं असतं. आण इकडे."

बाईंनी डबी घेतली. टिल्लू भिंतीला लागून थांबला. आग गेली, परत आग गेली, चेटक्या दमला. एक घाव. पुन्हा थांबला. पुन्हा एक.

"बाई, तुम्ही कमाल आहात," काडीच्या तोंडून गेलं. "पण जीव संपत आला. माठ फोडा ना!"

चेटक्याच्या दालनात भिंतीला माठांची उतरंड होती.

"दुसऱ्याचे आहेत."

"बाई, चेटक्याचे आहेत!"

"म्हणून काय झालं? त्याच्या आईनं घेऊन दिले असतील."

"बाई, त्यानं सगळ्या जगाचा वारा चोरलाय! त्याचा माठ फोडला तर पाप नाही लागणार! टिल्लू मरेल हो!"

"त्याला तूही टिल्लू म्हणतेस?"

"तुम्ही परवा जिन्यात झोपेत असल्यासारखं पुटपुटत होतात. तेव्हापासून."

आग आली. टिल्लूचा अर्धा जीव उरला. बाईंचा चेहरा असा झाला, जसा एकदा शाई प्यायलेल्या मुलीची जीभ पाहताना झाला होता. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला, टिल्लूला वळवलं, आणि तलवार फिरवली. माठ फुटला. "माफ करा हं," बाई चेटक्याला म्हणाल्या, आणि मग दुसरा, तिसरा, चौथा, सगळी उतरंड. काडी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "तो बघा, तो कोपऱ्यातला!" बाई म्हणाल्या, "दिसला, दिसला, गप्प बस!" टिल्लू टवटवीत झाला. डावीकडून आग. परत आग. चेटक्या दमला.

"आता!" काडी किंचाळली.

बाईंनी अंगठ्यातलं सगळं बळ त्या गोल बटणात घातलं. चेटक्या थरथरला, पांढरा पडला, आणि विरघळून गेला.

आणि खेळानं आपली धून वाजवायच्या आधीच दाराबाहेर एवढा जल्लोष उठला, की खिडकीची तावदानं हलली. त्यात भोंग्याचा आवाज सर्वांत वर होता.

बाई गोठल्या. मग उठल्या, आणि एका झटक्यात दार उघडलं. दाराला कान लावलेली भोंगा आत येऊन त्यांच्या पायाशी पडली. मागे सगळा बोळ भरलेला. एकीच्या खांद्यावर दुसरी. कुणी पळालं नाही. बाईंच्या हातात डबी, डबीवर पवनचक्क्या फिरताहेत, केस चेहऱ्यावर आलेले. आता यांना काय सांगायचं? कान वाजतायत तुमचे? बाईंना वाटलं, झालं. इतकी वर्षं जपलेलं एका संध्याकाळी उतू गेलं.

"बाई," सगळ्यात धाकटी पुढे आली, "वारा सुटला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"सुटला," त्या म्हणाल्या. "बघायचाय?"

एकदम रेटा आला. कुणाची वेणी कुणाच्या हातात, कुणाचा पाय भोंग्याच्या पाठीवर.

"थांबा!" बाई म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. "ही काय झुंड आहे? चपला बाहेर. उंचीप्रमाणे रांग. एकेकीनं यायचं, हात पुसून."

आणि अख्खा बोळ जागच्या जागी थांबला. चपला भिंतीशी लागल्या. वेण्या सुटल्या, म्हणजे हातांतून. दोन मिनिटांत धाकटीपासून थोरलीपर्यंत अशी सरळ रांग उभी राहिली, जशी शाळेच्या तपासणीलासुद्धा कधी राहिली नव्हती. बाईंनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतली. अगदी शेवटी, सगळ्यांत उंच मुलीच्या मागे, उलथनं घेतलेला एक हात दिसत होता.

"मावशी? तुम्ही इथे काय करताय?"

"मला कशाला विचारता, बाई?" मावशी म्हणाल्या. "मी रांगेत आहे."